मुक्या गणपतचं व्यंजन

हा लेख वाचायला घेण्याआधी एक काम करा. आसपास सून, जावई किंवा शेजारी नाहीत याची खात्री करून घ्या. मग ओठ सैल मिटा आणि आतून जोरात वारा सोडा. ओठ फडफडले पाहिजेत. थुंकी उडाली तर पुसून टाका, ती उडतेच. नुसतंच 'फुस्स' झालं तर पुन्हा करा. मला हे जमायला अडीच महिने लागले होते, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर होता.

जमलं असेल तर अभिनंदन. तुम्ही आत्ता एक व्यंजन उच्चारलंत. आपल्या बाराखडीत ते नाही. लिहायला गेलं तर 'ब्र्र्र' असं काहीतरी होतं आणि वाचणारा त्याचं भलतंच करतो. या व्यंजनानं माझी नोकरीतली अब्रू एकदा पुरती घालवली, आणि एका गरीब माणसाचा बैल जवळजवळ घालवला होता. त्याची ही हकीकत आहे.

मी कोंडवाड्याचा मोहरीर होतो. मोहरीर म्हणजे कारकून, पण वऱ्हाडात तेव्हा फारसी शब्दाला वजन होतं, म्हणून कारकून म्हटलं की मला राग येई. आजच्या मुलांना कोंडवाडा म्हणजे वर्ग वाटतो. आमचा कोंडवाडा खरा होता. चारी बाजूंनी दगडी भिंत, एक फाटक, मध्ये एक लिंबाचं झाड, पाण्याची डोणी, आणि कोपऱ्यात एक खोली. त्या खोलीत टेबल, रजिस्टर आणि मी. ज्याच्या शेतात दुसऱ्याचं जनावर शिरलं त्यानं ते हाकत आणून माझ्या ताब्यात द्यायचं. मालकानं दंड भरून ते सोडवून न्यायचं. मुदतीत कोणीच आलं नाही तर लिलाव. झालं, एवढंच खातं. पण माणसाचा स्वभाव बघायला यापेक्षा चांगली जागा मी बघितली नाही. पोरगा हरवला तर माणूस जितकं खरं बोलतो, त्यापेक्षा म्हैस हरवल्यावर जास्त खरं बोलतो.

गावाचं नाव सांगत नाही, कारण लोक अजून आहेत. धाडच्या पुढे, मोगलाईच्या सरहद्दीला लागून होतं एवढं पुरे. मध्ये एक नाला. अलीकडे आमचा वऱ्हाड, पलीकडे निजामसरकार. आमचे कागद बुलढाण्यावरून नागपूरला जात, पलीकडचे औरंगाबादेवरून हैदराबादला. गुरं मात्र रोज सकाळी चरायला मोगलाईत जात आणि संध्याकाळी पाणी प्यायला आमच्याकडे येत. त्यांच्यामुळे दोन सरकारांत जेवढी पत्रं गेली, तेवढी दोन सरकारांनी आपल्या मर्जीनं कधी लिहिली नसती.

गिऱ्हाइकंही एकेक होती. भीमाबाई नावाची एक म्हातारी होती. तिची म्हैस दर दोन महिन्यांनी कोणाच्या तरी शेतात सापडायची. बाई दुसऱ्या दिवशी यायची, म्हशीला डोळे भरून बघायची आणि म्हणायची, "राहू द्या जी अजून दोन दिस. मी लेकीकडं जाऊन येतो." म्हशीला शेतात मुद्दाम कोण सोडत होतं हे मला कळायला वर्ष गेलं. दोन वाटे झालेले भाऊ होते. सकाळी थोरल्याची शेळी धाकटा घेऊन यायचा, दुपारी धाकट्याची शेळी थोरला. दोन्ही शेळ्या माझ्याकडे लिंबाखाली अंगाला अंग लावून गुण्यागोविंदानं बसायच्या. मला वाटतं, त्यांना एकमेकींना भेटायला तेवढीच जागा उरली होती.

कोंडवाड्यात खरी डोकेदुखी मालकीची. एक जनावर, मालक दोन. वऱ्हाडातले निम्मे बैल पांढरे, आणि प्रत्येक मालकाला आपला बैल जगावेगळा पांढरा वाटतो. यावर आमच्या शिपायानं, शेख चांदनं, एक तोड काढली होती. चांदभाई माझ्या आधी वीस वर्षांपासून तिथं होता. तो म्हणायचा, "मोहरीरसाब, आदमी झूट बोलते, कान नाही बोलत." तो दोन्ही दावेदारांना भिंतीबाहेर उभं करायचा, जनावराला दिसू नये अशा जागी, आणि एकेकाला हाक मारायला लावायचा. ज्याच्या हाकेला जनावराचे कान वळले आणि पाय हलले, त्याचं जनावर. कायद्यात हे कुठं नव्हतं. पण माझ्या बदलीपर्यंत या रीतीनं शेकडो भांडणं मिटली आणि कोणी अपील केलं नाही. आमच्या फाटकाबाहेर मी काय काय हाका ऐकल्या आहेत! कोणी जिभेनं टकटक करी, कोणी शीळ घाली, एक पहिलवान गडी गाईला इतक्या लाडिक आवाजात बोलवी की त्याची बायको लाजून घरी निघून गेली.

या हाका ऐकायला एकदा एक प्रोफेसर आले. बोलीभाषांची माहिती गोळा करत ते फिरत होते आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जामोदकडे जाणार होते. चष्मा, छत्री आणि जाड वही. आमच्याकडची माणसं 'ळ' सोडून देऊन 'य' म्हणतात, डोळ्याला डोया म्हणतात, याचं त्यांना फार कौतुक. "ळ तर पुष्कळ भाषांना मिळालेलाच नाही, आणि तुम्ही मिळालेला वापरत नाही," असं ते चांदभाईला म्हणाले. चांदभाईला वाटलं काही चौकशी आहे. तो म्हणाला, "साहेब, आमी घेतलाच नाही."

त्यांना घेऊन मी धाडच्या बाजाराला गेलो, आणि तिथं मुका गणपत दिसला.

गणपत माळी जन्मापासून बहिरा, म्हणून मुका. नाल्याकाठी त्याची थोडी बागाईत होती. वांगी, मिरच्या, कांदे बाजारात आणायचा. बायको भागाबाई सौदा करायची आणि हा गाडी सांभाळायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो गाडीच्या मागे उभा राहून ओठांनी तो आवाज काढत होता. ब्र्र्र. आणि त्याचे बैल गाडीसकट हळूहळू त्याच्याकडे येत होते. प्रोफेसर जागच्या जागी थांबले. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, गणपतच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "पुन्हा!" गणपतला ऐकू येत नाही हे मी सांगितलं, तेव्हा तर ते आणखीच हरखले.

भागाबाईनं सांगितलं ते असं. "आमच्या सासऱ्यानं शिकवलं त्याईले. लहानपनी पोराचे बोटं आपल्या ओठावर ठेवले अन् फुरफुर केलं. मंग त्याईनं तसंच केलं. दुसरा कोनताच आवाज येत नाई जी त्याईले. एवढाच येते."

प्रोफेसर मला म्हणाले, "मोहरीर, हे ओष्ठ्य कंपित व्यंजन आहे. समुद्रापलीकडच्या काही बेटांवर हा आवाज लोक शब्दांत वापरतात, आपण क आणि ख वापरतो तसा. आपल्याकडे कुठल्याच भाषेत मला तो मिळालेला नाही." मग वही काढून विचारलं, "याचा अर्थ काय?"

आता इथं मी म्हणायला हवं होतं की या बाईला विचारा. पण मी मोहरीर. कोंडवाड्यात रोज हाका ऐकणारा. बैल माणसाकडे येताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. मी बेधडक म्हणालो, "अर्थ 'ये'. बोलावणं." प्रोफेसरांनी ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात वारा शिरला. सरकारी नोकरीत चौदा वर्षं काढली, पण आपल्या हातून विद्येची सेवा होईल असं कधी वाटलं नव्हतं. मी दर बाजाराला गणपतकडे जाऊ लागलो. तो माझी बोटं आपल्या ओठांवर ठेवायचा आणि आवाज काढायचा. माझ्या मिशा आड येत होत्या म्हणून मी त्या कातरून घेतल्या. घरी ओसरीवर बसून सराव करायचो. बायकोनं महिनाभर सोसलं, मग एके दिवशी म्हणाली, "कोंडवाड्यातलं कोंडवाड्यातच ठेवत जा जी. लोकं विचारतात, साहेबाले थंडी भरून येते का?" पण अडीच महिन्यांनी मला जमलं. हुबेहूब. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते करून दाखवायचो आणि ओष्ठ्य कंपित म्हणजे काय ते समजावायचो. मास्तर मंडळी माझ्या घरावरून जायचं टाळू लागली.

याच सुमारास गणपतचा बैल माझ्याकडे आला.

झालं असं. पहाटे बैलाचं दावं तुटलं. दुसऱ्या कोणाला गळ्यातल्या घाटीचा आवाज आला असता, गणपतला कसा येणार? बैल शेजारच्या हरभऱ्यात शिरला. शेतमालकानं तो उजाडता उजाडता कोंडवाड्यात आणून दिला. पांढरा, शेपटीचा गोंडा काळा, डावं शिंग जरासं आत वळलेलं. गणपत धावत आला. आणि त्याच्या पाठोपाठ नारायणराव कारभारी आले.

कारभारी म्हणजे बापूसाहेब या बड्या जमीनदाराचे कारभारी. त्यांचाही एक बैल आठ दिवसांपूर्वी हरवला होता. तोही पांढरा, गोंडा काळा. जत्रेतून नवी जोडी आणताना कारभारी एका ठिकाणी जेवायला थांबले, जेवणानंतर जरा आडवे झाले, आणि उठून बघतात तर एकच बैल. मालकाला काय तोंड दाखवायचं या काळजीनं माणूस अर्धा झाला होता. माझ्या फाटकातून पांढरा बैल दिसल्याबरोबर त्यांच्या जिवात जीव आला. मला अजून वाटतं की ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते. त्यांना तो बैल आपला असायलाच हवा होता, आणि इतक्या गरजेनं बघितलं की बैल आपलाच दिसतो.

त्यांनी दोन साक्षीदार आणले. गणपतच्या बाजूनं कोणी येईना. त्याचे शेजारी बापूसाहेबांच्या जमिनी कसत, त्यामुळे त्या आठवड्यात कोणालाच बैल ओळखता येईना. एक जण मला म्हणाला, "डोयाले कमी दिसून राह्यलं, साहेब." चांगला तिशीतला गडी.

बैल गणपतचाच आहे हे मला माहीत होतं. पण वाद पडला की निकाल वरिष्ठांनी द्यायचा असा नियम. नायब तहसीलदारांचा दौरा नऊ दिवसांनी होता. बैल खुंट्याला बांधला आणि सगळे वाट बघत बसले.

ते नऊ दिवस गणपतचे कसे गेले हे मी रोज बघत होतो. मोट एका बैलाला ओढवत नाही. फाल्गुनातलं ऊन, वांगी ऐन फळावर, आणि विहीर भरलेली. नवरा-बायको पहाटेपासून घागरीनं पाणी काढायचे आणि वाफ्यांत ओतायचे. तेवढ्यानं काय होतंय? वांग्यांनी माना टाकल्या. मिरच्या करपू लागल्या. दुपारी गणपत कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन यायचा, बैलाला आपल्या हातानं घालायचा आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहायचा. घरात दुसरं उत्पन्न नव्हतं. बैल गेला तर बागाईत गेली, आणि बागाईत गेली तर मुक्या माणसाला दुसऱ्याच्या शेतावर कोण ठेवणार?

मी त्याला खुणेनं सांगितलं, काळजी करू नकोस, मी आहे. चांदभाईची रीत होतीच, आणि माझ्याकडे तर व्यंजन होतं. साहेबांसमोर गणपतला भिंतीआड उभं करायचं, त्यानं आवाज काढायचा, बैल फाटकाकडे येईल, निकाल. हे सगळं मी त्याला हातवारे करून समजावलं. तो जोरजोरात मान हलवू लागला. माझ्या बाहीला धरून मला बैलाच्या मागच्या बाजूला नेऊ लागला. मग दोन्ही पंजे आपल्या छातीकडे ओढत स्वतःच उलटा चालत गेला, आणि चांदभाईच्या माठावर आपटला. माठ फुटला. चांदभाई जे बोलला ते गणपतला ऐकू आलं नाही हे बरं झालं. मला वाटलं बिचारा घाबरलाय, साहेबांपुढे यायला नको म्हणतोय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "घाबरू नकोस." दुसऱ्या दिवशी त्यानं तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. मी रोज त्याची पाठ थोपटली.

खात्री म्हणून मी स्वतः एकदा बैलासमोर उभा राहून तो आवाज काढला. बैलानं झटकन कान टवकारले आणि खुंट्याच्या दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला. मी चांदभाईला म्हटलं, "बघ, कसा यायला धडपडतो!" चांदभाई दाव्याकडे बघत म्हणाला, "साब, आनेवाला रस्सी ढीली करते. ये तो तान रहा है." मी त्याला म्हटलं, भाषाशास्त्र तुझं काम नाही.

नायब तहसीलदार आले. तरुण, नागपूरकडचे, सायकलीवरून आल्यामुळे धुळीनं भरलेले आणि आधीच वैतागलेले. लिंबाखाली खुर्ची मांडली. अर्धं गाव भिंतीवर चढलं. मी प्रस्तावना सुरू केली, "साहेब, सदर आवाज हा ओष्ठ्य कंपित..."

"मोहरीर," साहेब म्हणाले, "बैल कुणाचा तेवढं बोला."

बैल मोकळा सोडला. आवारात आणखी चार-पाच गुरं होती. बैल फाटकाकडे तोंड करून उभा होता. आधी कारभारी भिंतीबाहेरून ओरडले, "ये राज्या, ये, हो हो हो!" आणि त्याबरोबर त्यांनी हळूच सरकीची टोपली खडखडवली. सगळीच गुरं फाटकाकडे निघाली, त्यांत कोणाची तरी एक गाढवीही होती. साहेबांनी टोपली जप्त केली आणि गुरं पुन्हा मागे हाकली.

मग गणपत. मी त्याला फाटकाच्या बाजूला भिंतीआड उभं केलं. तो मागच्या भिंतीकडे जाऊ बघत होता. मी त्याला खांद्याला धरून परत आणलं आणि ठणकावून खूण केली, इथंच. त्यानं माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी नंतर कधी कोणाची माझ्यावर पडू दिली नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि ओठ फडफडवले.

ब्र्र्र.

बैलानं मान वर केली. कान उभे. आणि तो चालू लागला. मागे. एकेक पाऊल, अगदी सरळ रेषेत, फाटकापासून लांब. वाटेतल्या गाईला ढुंगणानं बाजूला सारत तो थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत उलटा गेला आणि भिंतीला टेकल्यावर थांबला.

भिंतीवरच्या लोकांत असा हशा पिकला की दोन जण खाली पडले. कारभारी टाळ्या वाजवायचेच बाकी होते. "पाहा साहेब! त्याचा आवाज आयकूनच मांगं पयते! वयखीचा असता तं असा पयाला असता काय?"

साहेबांनी पेन उघडलं. गणपत फाटकातून आत आला. त्याला हशा ऐकू येत नव्हता, पण उघडी तोंडं दिसत होती. बैल पलीकडच्या भिंतीला टेकून पुढच्या हुकुमाची वाट बघत होता. गणपतनं माझी बाही धरली, पुन्हा दोन्ही पंजे छातीकडे ओढले, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मी, वाचकहो, त्याची पाठ थोपटायला पुन्हा हात उचलला.

"थांबा जी साहेब!"

भागाबाई. नऊ दिवस ती घागरी वाहत होती, त्यामुळे कोंडवाड्यात आजच आली होती, तीही भाकरी घेऊन. ती गर्दीतून पुढे आली, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "तो आवाज बोलवाचा नाई. मांगं घ्याचा आहे. आमचा बैल मोटीचा आहे जी. इहिरीवर चला, मंग सांगा कोनाचा हाय तं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मोटेला जुंपलेले बैल विहिरीकडे पाठ करून उतारावरून खाली चालत जातात, तेव्हा दोराला बांधलेली चामड्याची मोट भरून वर येते. पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी टाक्यात, पडलं की बैलांनी तसंच उलट्या पावलांनी चढ चढून विहिरीच्या तोंडाशी यायचं असतं, म्हणजे मोट पुन्हा खाली जाते. बैलानं पुढं चालणं ही काही विद्या नव्हे. मागं चालणं ही विद्या. ती शिकवायला वर्ष जातं. दुसरे लोक त्यासाठी ओरडतात, गाणी म्हणतात. गणपत ओठ फडफडवायचा. बाजारात गाडी जागेवर मागं घेतानाही तो तेच करत होता. मी ते बघितलं होतं. पण मी बघत होतो त्याच्या ओठांकडे.

कोंडवाड्याला लागूनच एक विहीर होती. भागाबाई घरून दुसरा बैल घेऊन आली. दोन्ही बैलांनी एकमेकांचा वास घेतला तेव्हाच खरं तर निकाल झाला होता, पण साहेब पुराव्याचे माणूस. त्यांनी दोघांना मोटेला जुंपून खाली न्यायला लावलं आणि आधी कारभाऱ्यांना धावेवर, म्हणजे त्या उतारावर, उभं केलं. कारभाऱ्यांनी 'मांगं, मांगं रे' केलं, दोर ओढला, शेवटी हात जोडले. बैल उतारावर खाली उभे राहून समोरचं शेत बघत राहिले. मग गणपत विहिरीच्या काठावर गेला. ब्र्र्र. दोन्ही बैल पावलाला पाऊल जुळवून मागे निघाले, अख्खा चढ चढले, आणि त्याच्या पायापासून हातभर अंतरावर थांबले. मोट पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. भिंतीवरून विहिरीवर आलेल्या गावात आता कोणी हसत नव्हतं.

कारभारी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, "कोन्याबी बैलाले असं केलं तं मांगं सरते, साहेब."

साहेबांनी कारभाऱ्यांच्याच गाडीचे बैल दाखवले. गणपतनं त्यांच्यासमोर आवाज काढला. एकानं रवंथ थांबवलं, दुसऱ्यानं तेही केलं नाही. साहेबांनी तिथंच, विहिरीच्या काठावर, कागद गुडघ्यावर ठेवून निकाल लिहिला. कारभाऱ्यांचा बैल पुढं पंधरा दिवसांनी मोगलाईतल्या कोंडवाड्यात सापडला, आणि तो आणायचा पत्रव्यवहार मीच केला. ती शिक्षा मला योग्यच होती.

लोक पांगले. मी भागाबाईजवळ जाऊन काहीतरी बोलू लागलो, की माझा उद्देश चांगला होता वगैरे. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "नऊ दिस ते तुमाले हेच सांगून राह्यले होते, मोहरीरसाहेब. घरी येऊन मले खुनेनं सांगे का साहेबाले सारं समजलं. साहेब पाठीवर हात ठेवते, म्हने."

नोकरीत मला दोनदा लेखी ठपका आला आणि एकदा पगारवाढ अडली. त्यांतलं काहीही मला या बाईच्या शांत आवाजाइतकं लागलं नाही. रात्रंदिवस माणसांच्या हाका ऐकतो म्हणून मिरवणारा मी, एक माणूस नऊ दिवस माझ्याशी बोलत होता आणि मी त्याला धीर देत होतो. मला शरम वाटली. आजही लिहिताना वाटते.

प्रोफेसरांना मी दुसऱ्याच दिवशी पत्र टाकलं की अर्थ चुकला आहे, 'ये' नव्हे, दुरुस्त करून घ्यावा. उत्तर आलं नाही. त्यांचं पुस्तक निघालं असेल आणि त्यात हे छापलं असेल, तर वाचकांनी ती ओळ माझ्या नावावर धरावी.

पुढच्या आठवड्यात सुटीच्या दिवशी मी गणपतच्या मळ्यावर गेलो. माफी मागायची म्हणून निघालो होतो, आणि बांधावर पोचल्यावर लक्षात आलं की बहिऱ्या माणसाची माफी मागायला माझ्याकडे काहीच नाही. इतकी वर्षं अर्जांना उत्तरं लिहून कमावलेली भाषा तिथं बिनकामाची होती. गणपत मोट चालवत होता. वांग्यांच्या बऱ्याच रांगा गेल्या होत्या, पण उरलेल्यांनी पानं वर केली होती. त्यानं मला बघितलं, बराच वेळ बघितलं. मग बैल थांबवून जवळ आला, बैलांचा दोर माझ्या हातात दिला, आणि आंब्याखाली भागाबाईनं सोडलेल्या भाकरीकडे निघून गेला. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मोट हाकणारा बसतो तसा मी मोटेच्या ताणलेल्या दोरावर बसलो, तसे बैल खाली गेले. मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडलं, पाटानं पळालं. बैल उताराच्या तळाशी उभे राहिले. मी उठून विहिरीच्या काठाशी आलो. ओठ मिटले आणि घाबरत घाबरत, अगदी पहिल्यांदाच, ते व्यंजन कोणाला करून दाखवण्यासाठी नव्हे तर काही सांगण्यासाठी उच्चारलं. दोन्ही बैल माझ्याकडे पाठ करून एकेक पाऊल वर आले, आणि पलीकडे आंब्याखाली गणपत शांतपणे जेवत राहिला.